पश्चिमेच्या भिंतीतली वायर

१

सेवजिद शेळ्यांचं दूध काढून चारच्या सुमाराला घरी आली, तेव्हा फ्रिजचा प्लग बोर्डातून निघून जमिनीवर पडला होता. आठवड्यातली ही तिसरी वेळ. तिने दुधाची बादली आपटली, प्लग उचलून बोर्डात खुपसला आणि फ्रिजचं दार उघडलं. आत गारवा म्हणून नव्हता. वरच्या कप्प्यातला बर्फ वितळून पाणी खाली आलं होतं आणि इन्सुलिनच्या सहा बाटल्यांचं खोकं बुडाशी भिजलं होतं.

फ्रिज जेमतेम मांडीएवढा उंच. दही, मांस, लोणी यातलं काहीही त्यात ठेवायला तिने मनाई केली होती. तो फक्त एनेरेलच्या औषधासाठी होता. एनेरेल अकरा वर्षांची. नवव्या वर्षी तिला साखरेचा आजार निघाला आणि जिल्ह्याच्या शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, "औषध थंड ठेवायची सोय होईपर्यंत मुलीला गोबीच्या वाळवंटात नेऊ नका." त्या उन्हात नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोल घरात औषध कुठे टिकणार? म्हणून पोर दोन वर्षं शहरात आत्याकडे राहिली. सेवजिदला या दोन वर्षांत ती चारदा भेटली आणि चौथ्यांदा भेटली तेव्हा 'आई' म्हणायच्या आधी जराशी थांबली. ते थांबणं सेवजिद अजून विसरली नव्हती.

या वसंतात वीज आली. माळावरून खांबांची रांग येत येत त्यांच्या घरामागे संपली. एका घराला एक दिवा आणि एक प्लगपॉइंट, एवढीच मंजुरी. दुसरं काही जोडलं की खटका पडायचा. शेजारपाजारचे सगळे उन्हाळ्यासाठी डोंगराकडच्या हिरव्या कुरणांवर गेले. हे तिघं मात्र खांबाला बांधल्यासारखे त्याच करपलेल्या गवतावर राहिले. शेळ्यांच्या फासळ्या मोजता येत होत्या. पण पोरगी घरी होती. सेवजिदला तेवढं पुरे होतं.

आणि आता हा प्लग.

२

"हे बघ, सरळ सांग," तिने लोदोईला दारातच गाठलं. तो उंटांच्या मागे दिवसभर उन्हात भाजून आला होता. "दुपारी येऊन मोबाइल चार्ज करतोस ना?"

"मी? मोबाइल मी मोटरसायकलच्या बॅटरीवर करतो, तुला ठाऊक आहे."

"मग प्लग काय आपणहून चालत खाली उतरतो?"

"मला काय विचारतेस? बोर्ड ढिला असेल. सरकारी काम आहे, त्याला काय धाड भरलीय टिकायला!"

"बोर्ड ढिला नाही. मी प्लग ओढून बघितला. दोन हातांनी ओढावा लागतो."

लोदोईने टोपी काढली, घाम पुसला आणि मुलीकडे बघून डोळे मिचकावले. "एनेरेल, तुझ्या आईला पोलिसात घ्यायला हवं होतं. चोर सापडेपर्यंत जेवायला मिळणार नाही असं दिसतंय."

एनेरेल हसली. तिच्यावर संशय घ्यायची सोयच नव्हती. सकाळी दहापासून चारपर्यंत ती आईबरोबर विहिरीवर असायची, शेळ्यांच्या गळ्यातले दोर धरून. घरात कोणी नसायचं. कुत्रं दाराशी बांधलेलं असायचं आणि ते परक्याची सावलीसुद्धा खपवून घेत नसे.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी सेवजिदने प्लग घोड्याच्या केसांच्या दोरीने भिंतीच्या लाकडी जाळीला आवळून बांधला. तीन गाठी मारल्या.

चार वाजता प्लग जमिनीवर होता. दोरी तुटली नव्हती, कोणी कापलीही नव्हती. गाठी सोडवलेल्या होत्या आणि दोरी नीट गुंडाळून, टोक आत खोचून, पलंगावर ठेवली होती. अशी दोरी गुंडाळून ठेवणारं माणूस या घरात एकच होतं. सेवजिदने तो विचार मनातून हुसकून लावला आणि चहाचं आधण ठेवायला वळली.

दारासमोर, मानाच्या जागी असलेल्या पेटीवर विजेची किटली होती. ती बाजूला सरकवताना सेवजिदचा हात तिला लागला. किटली गरम होती.

३

ती किटली सासूबाईंची. दारी त्यांचं नाव. अकरा वर्षांपूर्वी वीज येणार असं कोणी तरी सभेत सांगितलं आणि दारीने एक मेंढी विकून शहरातून किटली आणवली. वीज आली नाही. पुढच्या वर्षी येणार होती, मग निवडणुकीनंतर, मग बर्फ वितळल्यावर. दारी दर महिन्याला खोकं उघडून किटली पुसायची आणि परत ठेवायची. "मरायच्या आधी हिच्यातला चहा पिणार, शेण न जाळता," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. यंदा वसंतातल्या धुळीच्या वाऱ्यात ती गेली. खांब दाराशी पोचले तो ती गेल्याचा एक्केचाळिसावा दिवस होता.

सेवजिदने किटलीतलं पाणी ओतून टाकलं. उन्हाने तापली असणार, तिने स्वतःला सांगितलं. घराच्या छताच्या गोल झरोक्यातून ऊन पेटीवर येतं खरं. पण ते सकाळी येतं, चार वाजता नाही. शिवाय पाणी कोणी भरलं?

तिने विजेच्या कचेरीकडे, माणूस पाठवा, असा तगादा लावला. रोज मोटरसायकलवरून टेकडीवर जायचं, रेंज धरायची, दहा मिनिटं संगीत ऐकायचं आणि शेवटी "नोंद घेतली" एवढंच ऐकून यायचं. पाचव्या दिवशी बाहेरून आवाज आला, "कुत्रं धरा!"

पुंत्साग आला होता. वायर ओढणारा हाच. शहरातला, तिशीतला, अघळपघळ बोलणारा. सेवजिदने कुत्रं धरलं, त्याला आत घेतलं, खारा दूधचहा दिला. त्याने बोर्ड उघडला, वायर तपासली, मीटरकडे बघत बसला.

"वहिनी, सगळं ठणठणीत आहे."

"मग प्लग कसा निघतो?"

"प्लग काढला की निघतो." तो हसला. ती हसली नाही, म्हणून त्याने घसा खाकरला. "हे मीटर तासातासाचं लिहून ठेवतं. बघा ना. फ्रिज आपला चालू असतो, थोडं थोडं खातो. दुपारी बारा वाजले की फ्रिज बंद. मग दहा मिनिटं एकदम मोठा खर्च. मग काहीच नाही. हल्ली रोज. दुपारचा चहा करता ना तुम्ही विजेवर? मग नंतर फ्रिज लावायला विसरता. सगळ्यांचं होतं असं."

"बारा वाजता घरात कोणी नसतं."

"काय सांगता!" त्याने खांदे उडवले. "मग मीटर खोटं बोलत असेल. नवीन मागवा. अर्ज करावा लागेल."

जाताना तो घराला वळसा घालून मागे गेला आणि वायर आत शिरते तिथला नमदा त्याने नीट खोचला. "ही सारखी सैल होते बघा. मी दगड ठेवून गेलो होतो, दगड कुठे गेला?"

वायर त्या जागेतून आत घ्यायला तिनेच होकार दिला होता. कचेरीने वायर मोजून दिली होती, दारापर्यंत पोचत नव्हती, चार मीटर कमी पडत होती. पश्चिमेची भिंत खांबाला जवळ. पुंत्साग म्हणाला होता, "इथून घेऊ, नाहीतर पुढच्या वर्षी बघू." लोदोई त्या दिवशी घोड्यांच्या मागे होता. पुढच्या वर्षी म्हणजे एनेरेल आणखी एक वर्ष शहरात. सेवजिदने हो म्हटलं.

पश्चिमेच्या त्याच जागी, एक्केचाळीस दिवस आधी, नमदा उचलून आणि जाळी सोडवून त्यांनी दारीला बाहेर नेलं होतं. गेलेल्या माणसाला दारातून नेत नाहीत. भिंतीतून नेतात आणि मागून भिंत घट्ट बांधतात, म्हणजे परतीची वाट सापडत नाही.

लोदोईने घरी आल्यावर वायर पाहिली होती. कुठून आत आलीय तेही पाहिलं होतं. त्यानेही ती तशीच राहू दिली होती.

४

किटली लोदोईनेच घालवली. दक्षिणेकडे चाललेल्या एका ट्रकवाल्याला ती फुकट देऊन टाकली. "आता तरी शांत झोप," तो बायकोला म्हणाला. तो प्रकार त्याला पटला होता असं नाही. रोजची कटकट थांबावी एवढीच त्याची इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी प्लग जमिनीवर होता. मानाच्या जागी दारीचा लाकडी वाडगा ठेवलेला होता. तळाशी घोटभर चहा उरलेला. सेवजिदने वाडग्याच्या बाहेरून बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं.

एनेरेलची तहान त्या दिवसांत वाढली. आधी तिने एक भांडं पाणी मागितलं, मग दुसरं, मग विहिरीच्या काठी ती सरळ बादलीला तोंड लावून प्यायली. चालताना थांबायला लागली. बोटाला सुई टोचून यंत्रात रक्त बघितलं की आकडा रोज वर. सेवजिद औषधाची मात्रा डॉक्टरने सांगितली तशीच देत होती, पण बाटलीतलं औषध उष्णतेने मेलेलं होतं. पाणी टोचावं तसं. लोदोई तालुक्याला जाऊन नव्या चार बाटल्या घेऊन आला. दवाखान्यातल्या बाईने त्याला झापलं होतं. "फ्रिज आहे म्हणून मुलीला घरी नेलंत ना? या बिघडल्या तर तिला परत शहरात ठेवा. मी पुन्हा देणार नाही."

"ऐकलंस?" लोदोईने बाटल्या तिच्या हातात दिल्या. "आता तू तरी घरी बस. विहिरीवर मी जातो."

"बसते," सेवजिद म्हणाली. मग तिला एकदम रडू फुटलं. रागाचं रडू होतं ते, दात आवळून येणारं. "लोदोई, माझं चुकलंय. तुला सांगितलं नाही."

"काय?"

"ज्या दिवशी वीज आली ना, त्या दिवशी मी पहिला चहा किटलीत केला. मला राहवलं नाही रे. अकरा वर्षं त्या वाट बघत होत्या. पहिला वाडगा त्यांच्या जागी ठेवला आणि... हाक मारली."

लोदोईचा चेहरा उतरला. "नाव घेऊन?"

"नाव घेऊन. म्हटलं, दारीआई, वीज आली, या, चहा घ्या."

एकोणपन्नास दिवस व्हायच्या आत गेलेल्या माणसाचं नाव कोणी उच्चारत नाही. हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. लोदोई चिडला असता तर सेवजिदला बरं वाटलं असतं.

"आईला तुझा चहा आवडायचा," तो एवढंच म्हणाला आणि शेळ्यांकडे निघून गेला.

५

दुसऱ्या दिवशी सेवजिद घरातच बसली, फ्रिजला पाठ टेकून. एनेरेल पलंगावर आडवी होती. बाहेर उन्हाचा वणवा. वारा यावा म्हणून नमद्याची खालची कड सगळीकडे वीतभर गुंडाळून ठेवलेली होती, त्यामुळे घराभोवती जमिनीलगत उजेडाची पट्टी दिसत होती. पश्चिमेला तेवढी ती तुटलेली. तिथे नमदा खाली सोडून पुंत्सागने खोचला होता आणि सेवजिदने सकाळीच दोन दगड ठेवले होते.

फ्रिज पाठीशी गुणगुणत होता. सेवजिद बारीकसारीक कारणं शोधत होती. बोर्ड तापून प्लग सुटत असेल. मीटर खरोखर बिघडलं असेल. चहा कदाचित आपणच सकाळी ठेवला असेल आणि विसरलो असू. उन्हात माणसाचं डोकं चालत नाही. औषधाच्या काळजीने झोप नाही, म्हणून काहीबाही दिसतं. यातलं एक कारण तरी खरं निघू दे, असं ती मनातल्या मनात विनवत होती.

बाहेर कुत्रं उठलं. ते भुंकलं नाही. ओळखीचं माणूस आलं की ते शेपटी जमिनीवर आपटतं, तसा धप्, धप् आवाज झाला.

मग पश्चिमेला एक दगड घरंगळला.

जमिनीवरून बोर्डाकडे जाणारी वायर सैल पडलेली असायची. ती ताणली गेली. मग सैल झाली. पुन्हा ताणली, पुन्हा सैल. हिमवादळात घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधतात आणि डोळ्यांपुढचं दिसत नसलं की माणूस त्या दोराला हाताहाताने धरून घरी येतो. दोर तेव्हा असाच हलतो. सेवजिदला लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात दारीनेच तो दोर धरायला शिकवला होता.

दुसरा दगड सरकला. पश्चिमेच्या कडेला उजेडाची पट्टी दिसू लागली, आधी बोटभर, मग वीतभर. त्या पट्टीत काही तरी होतं. करड्या रंगाचं, झिजलेल्या बाहीच्या कडेसारखं. ते सेवजिदने पाहिलं न पाहिलं तोच तिच्या पाठीमागची गुणगुण थांबली.

तिची पाठ फ्रिजला टेकलेली होती. बोर्ड तिच्या खांद्यापाशी होता. प्लग तिच्या मांडीवर येऊन पडला.

भीतीने तिची वाचा बसायला हवी होती. पण सेवजिदला भीतीच्या आधी संताप आला. पाच आठवड्यांचा, दोन वर्षांचा, अकरा वर्षांचा.

"पुरे झालं, आई!" ती ओरडली. "किती दिवस चालायचं हे? तुम्ही वाट बघितलीत, मान्य. तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. कचेरीतल्यांनी तुम्हाला फसवलं, मग त्यांच्या घरी जा ना! इथे एकच प्लग आहे. हा तुमच्या चहाचा नाही. हे तुमच्या नातीचं औषध आहे. ते बिघडलं तर ती माझ्यापासून परत जाणार. कळतंय का तुम्हाला? ती जाईल!"

काही हललं नाही. मग चहा प्यायच्या आधी वाडग्यावर दोनदा फुंकर मारतात, तसा आवाज आला. फू. फू. मानाच्या जागी कोणी नव्हतं.

सेवजिदने प्लग लावला. फ्रिज पुन्हा गुणगुणू लागला. तिने वाट बघितली. प्लग जागचा हलला नाही. कितीतरी वेळाने तिला हुंदका आला आणि तो सुटकेचा होता.

"आई," एनेरेल पलंगावरून म्हणाली. तिचे डोळे उघडे होते. "रागावू नकोस तिच्यावर. आजीला कळलं."

"काय कळलं?"

"की एकच प्लग आहे." मुलीचा आवाज झोपाळू होता. "ती म्हणते, आता प्लग काढणार नाही. म्हणते, माझ्याबरोबर चल, तिकडे तहानच लागत नाही. मग आईला औषधाची काळजी नको."

पश्चिमेचा नमदा आता लहान मूल सहज बाहेर जाईल इतका वर उचललेला होता.

६

सेवजिदने मुलीला दंडाला धरून दारातून बाहेर काढलं. दारातूनच. संध्याकाळपर्यंत थांबायचीही तिची तयारी नव्हती. तिने मुलीला बरोबर घेऊनच विहिरीवर जाऊन लोदोईला बोलावलं आणि त्याने काही न विचारता मोटरसायकल काढली. चार बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून एनेरेलच्या पोटाशी बांधल्या. शहर दोनशे दहा किलोमीटर. तिथे लोदोईची बहीण, एनेरेलची आत्या चिमेद राहायची. तिच्याकडे मोठा फ्रिज होता, दवाखाना दोन गल्ल्यांवर होता.

"म्हणजे मी परत जायचं?" एनेरेलने विचारलं.

"थोडे दिवस."

"मागच्या वेळी पण थोडे दिवसच म्हणाली होतीस."

तिने मुलीच्या गालाचा वास घेतला, दोन्ही गालांचा, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत माळावर उभी राहिली. मग आत येऊन तिने बोर्ड उपटला, वायर पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर ओढली आणि खांबाच्या मुळाशी वेटोळं करून टाकली. भिंत बांधली. शेणाचा जाळ पेटवला. आता घर अकरा वर्षांपूर्वी होतं तसं होतं, फक्त त्यात कोणी नव्हतं. ज्या वायरीसाठी गवत सोडलं, शेळ्या वाळवल्या, त्या वायरीने पोरगीच नेली. हात दाखवून अवलक्षण, आणखी काय! तिने फ्रिजच्या रिकाम्या डब्याला लाथ मारली आणि मग पाय दुखला म्हणून रडली.

पुढचे तीन दिवस दुपारी ती घरात बसून राहिली. कुत्रं झोपलेलं असायचं. नमदा हलला नाही. वाडगा कोरडा होता. भीती जाऊन तिला सुनंसुनं वाटायला लागलं आणि त्याचाही राग आला.

चौथ्या दिवशी लोदोई परतला. मोटरसायकल दारासमोर फटफटत उभी राहिली. खाली न उतरताच तो हसत म्हणाला, "बरी आहे पोरगी! साखर खाली आली. डॉक्टर म्हणाला, अगदी वेळेवर आणलीत. चिमेदने मटणाचं सूप पाजलं. रात्रभर झोपली. तहान कमी झालीय."

सेवजिदने डोळे मिटून घेतले. गेल्या कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिच्या छातीत हवा पुरेशी शिरली.

"आणि चिमेदचं तर तुला माहीतच आहे," लोदोई टोपी मागे सारत पुढे म्हणाला. "कुरकुर केल्याशिवाय अन्न पचत नाही. सकाळी निघताना म्हणत होती, एवढा महागाचा फ्रिज, आणि तुम्ही आल्यापासून दुपारी बंद पडतो. म्हटलं, प्लग नीट लावत जा."

तो इंजिन बंद करायला वाकला. खांबांची रांग त्याच्या पाठीमागून माळ ओलांडून, टेकडी ओलांडून, शहराच्या दिशेने गेली होती.

"बंद करू नकोस," सेवजिद म्हणाली आणि त्याच्या मागे चढून बसली.